पाहुण्यांच्या हाती दूर्वा

श्रावण सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गौरी-गणपतीचे विषय वाढू लागतात. या खेपेस आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या सासरचे गौरी-गणपती पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातील गावच्या घरी होत असत. थोरले दीर गेल्यानंतर ते घर बंद झाले आणि सहा वर्षांपूर्वी देव आमच्याकडे, ठाण्यात कोलशेतला आले. घर दोन खोल्यांचे आहे आणि मी नोकरी करते. त्या दिवसांत डोंबिवली, पनवेल, पुणे येथून आणि शेजारपाजारातून मिळून शंभराच्या आसपास माणसे येऊन जातात. आलेला माणूस चहा-फराळाशिवाय जाता कामा नये, असा सासूबाईंचा दंडक आहे. मी सगळे दिवस ओट्यापाशी उभी असते. आरती मला स्वयंपाकघरातूनच ऐकू येते. गेल्या वर्षी विसर्जनाला जाताना रिक्षात मूर्ती माझ्या मांडीवर होती आणि सोंडेच्या वळणावर मूर्तिकाराने काढलेली बारीक सोनेरी वेल मला त्या वेळी पहिल्यांदा दिसली. घरी आल्यावर मला रडू आवरेना. यंदा दीड दिवसाचाच गणपती करावा असे मनात आहे. त्यात काही दोष आहे का? आणि सासूबाईंना हे कसे सांगावे?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील त्या सोनेरी वेलीपाशी मी बराच वेळ थांबले. ज्या घरात देव सहा वर्षे येत आहे, त्या घरच्या गृहिणीला त्याचे मुख धड पाहायला मिळू नये, याचे तुम्हाला वाईट वाटले हे अगदी योग्य झाले. ते वाईट वाटणे दडपू नका.

आधी दोषाचे पाहू. आपण जे करतो ते पार्थिव गणेशपूजन, म्हणजे मातीच्या मूर्तीचे पूजन, आणि ते व्रत मुळात भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या एका दिवसाचे आहे. मूर्ती दीड दिवस ठेवायची, गौरींबरोबर पाठवायची की अनंत चतुर्दशीपर्यंत ठेवायची, हे ज्या त्या घराच्या कुलाचाराने आणि सोयीने ठरत आले आहे. त्यामुळे दिवस कमी केल्याने देवाचा कोप होईल ही भीती मनातून काढून टाका. मात्र तुमच्या घरी गौरी आहेत. त्यांचे आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर होते, म्हणूनच गौरी-गणपतीचे दिवस दर वर्षी सारखे नसतात. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि गौरी गेल्या २ सप्टेंबरला, म्हणजे सातव्या दिवशी. गणपती दीड दिवसाने पाठवून गौरी पुढे स्वतंत्रपणे बसवणारी घरेही आहेत. तेव्हा मार्ग मोकळा आहे.

तरीही मी तुम्हाला दिवस कमी करण्याचा सल्ला इतक्यात देणार नाही. दीड दिवस केलात तर तीच शंभर माणसे त्या दीड दिवसात येतील आणि तुम्ही ओट्यापासून मुळीच हलू शकणार नाही. तुम्हाला खरोखर हवा आहे तो देवापुढे बसायला निवांत वेळ, आणि तो मिळवायचा तर प्रथम सासूबाईंचा दंडक कोठून आला हे समजून घेतले पाहिजे.

गावच्या घरी पाहुणा वाडीवाडीतून डोंगर उतरून, पाऊस अंगावर घेत चालत येत असे. त्याला भूक लागलेली असे, आणि त्याला रिकाम्या पोटी परत पाठवणे हा खरोखरच अपराध होता. शिवाय त्या घरात चार जावा, दोन नणंदा आणि शेजारच्या बायका मिळून रांधत असत. सासूबाई एकट्या कधीच नव्हत्या. ठाण्यात येणारा पाहुणा त्याच संध्याकाळी आणखी तीन घरी जाऊन आलेला असतो. त्याने नौपाड्यात एक चहा घेतलेला असतो, पाचपाखाडीत दुसरा. तुमच्याकडचा चहा तो तुमचे मन मोडू नये म्हणून घेतो, आणि तुम्ही तो त्याचे मन मोडू नये म्हणून करता. दोघांनाही नको असलेल्या त्या कपासाठी तुमची आरती चुकते. सासूबाईंना हे याच शब्दांत सांगा. त्यांचा नियम चुकीचा आहे असे म्हणू नका, कारण तो चुकीचा नाही. तो भुकेल्या माणसासाठी आहे, आणि जो खरोखर लांबून, पुण्याहून वगैरे येईल, त्याच्यासाठी तो तसाच पाळायचा आहे. बाकीच्यांना प्रसाद आणि पाणी पुरे. पंचखाद्याची खिरापत आधी करून ठेवली तर ती टिकते आणि गॅस पेटवावा लागत नाही.

दुसरे असे की, दर्शनाला येण्याच्या वेळा नातेवाइकांना आधी कळवा. पुष्कळांना हे उद्धटपणाचे वाटते; मला वाटत नाही. देवळातही काकडआरती आणि शेजारती यांच्यामध्येच दर्शन असते, आणि रात्री दार बंद झाले म्हणून कोणी रुसत नाही. ‘संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ अवश्य या, सात वाजता आरतीला थांबा’ असा निरोप चार दिवस आधी गेला तर लोकांचीही सोय होते. सकाळच्या पूजेचा तास मात्र फक्त घरच्यांचा ठेवा आणि त्या तासात तुम्ही पाटापाशी बसा. तुमच्या घरी पूजा कोण सांगते, यजमान म्हणून कोण बसते, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण फुले हातात देणारी व्यक्ती तुम्ही असा. आणि आणखी एक नियम घरात पक्का करा : आरती सुरू झाली की गॅस बंद. आधण उकळत असले तरी बंद. घरातले एकही माणूस त्या वेळी स्वयंपाकघरात असता कामा नये.

आता जे मला सर्वांत मनापासून सांगायचे आहे, ते सांगते. माझी एक मावशी नौपाड्यातल्या एका जुन्या चाळीत दोन खोल्यांत राहत असे. तिच्याकडे दहा दिवसांचा गणपती होता आणि काका पायाने अधू असल्यामुळे घरात काम करणारी ती एकटीच होती. तिच्या घरात शिरले की डाव्या हाताला पितळी परात दिसे. परातीत ओल्या फडक्याखाली बाजारातून आणलेल्या दूर्वांचा भारा असे. येणारा पाहुणा हातपाय धुऊन नमस्कार करून सतरंजीवर बसला की मावशी परात त्याच्या पुढ्यात सरकवीत असे. कोवळी, तीन पाती शाबूत असलेली दूर्वा निवडायची, पिवळी पात काढून टाकायची, देठ सारखे करायचे, एकवीस झाल्या की दोऱ्याने जुडी बांधून तबकात ठेवायची. बँकेत अधिकारी असलेले गृहस्थ असोत की पाचवीतला मुलगा, सगळ्यांना तेच काम. सुरुवातीला लोक थोडे अवघडत, मग बोटे चालू लागत आणि बोलणेही. गावाकडची विहीर, कोणाचे लग्न ठरले, कोणाच्या आईचे डोळ्यांचे ऑपरेशन, सगळे त्या परातीभोवती निघे. मावशी मात्र भिंतीला टेकून, देवाकडे तोंड करून बसलेली असे. संध्याकाळच्या आरतीपर्यंत जुड्या तयार असत आणि ज्याने त्या बांधल्या त्याच्याच हातून ती त्या देवाला वाहवून घेई. तिने चहा कधी केला असेल तर तो मला आठवत नाही, पण तिच्या घरून कोणी नाराज होऊन गेल्याचेही मला आठवत नाही.

पाहुण्याला पाट द्यावा तसे कामही द्यावे, हे मी तिच्याकडून शिकले. आपल्याकडे अतिथीला देव मानण्याची शिकवण आहे आणि ती फार मोठी आहे, पण तिचा अर्थ एकीने राबावे आणि बाकीच्यांनी पाहत बसावे असा आपण करून ठेवला. पाहुणा बघ्या राहिला की त्याची सरबराई करावी लागते. तो पूजेत हात घालू लागला की तो घरचा होतो. तुमच्याकडे येणाऱ्या भाचरांना कापसाची वस्त्रे करायला द्या, जावांना फुलांचे हार ओवायला बसवा, पुण्याहून येणाऱ्यांना गौरीच्या दिवसाच्या पुरणाची जबाबदारी आधीच वाटून द्या. मिठाईचे खोके आणण्याऐवजी कोणी नारळ खवून डब्यात भरून आणला तर उकडीच्या मोदकांचे निम्मे काम तेथेच सरते. यजमानांनी आणि मुलांनी भांडी घासायची, हे तर मी वेगळे सांगायला नको.

यंदाचे वर्ष असे करून पाहा. त्यानंतरही जड गेले, तर पुढच्या वर्षी निःशंक मनाने दिवस कमी करा.

प्रश्न : आम्ही नेरूळला राहतो. चतुर्थी चार दिवसांवर असताना सख्ख्या चुलत दिरांकडे मुलगी झाली. आम्हाला सोयर आहे असे सांगण्यात आले. मूर्ती सांगून ठेवली आहे आणि नागपूरहून येणाऱ्या नणंदांची तिकिटेही काढलेली आहेत. आता काय करावे?

उत्तर : घरात मुलगी आली याचा आनंद आधी करा, पत्रात त्याचा उल्लेख अडचण म्हणूनच आला आहे. सोयर किती दिवसांचे आणि कितव्या पिढीपर्यंत, हे तुमच्या घरच्या गुरुजींना विचारून घ्या, कारण घराघरांतले आचार वेगळे असतात. ते लागू असेल तर दोन वाटा रूढ आहेत. वेगळ्या कुळातल्या कोणाकडून, म्हणजे जावयाकडून किंवा भाच्याकडून, पूजा करवून घ्यावी, किंवा या वर्षी मूर्ती बसवू नये. एखाद्या वर्षी गणपती आणता आला नाही तर परंपरा तुटते असे नाही. मूर्तिकाराला मात्र ताबडतोब कळवा, म्हणजे ती मूर्ती दुसऱ्या कोणाच्या घरी जाईल; त्याने घेतलेली मेहनत वाया जाऊ देऊ नका. नागपूरच्या मंडळींची तिकिटे रद्द करू नका. त्या बाळाला पाहायला येतील.

प्रश्न : माझा शाळासोबती बेने इस्रायली ज्यू आहे. आम्ही दोघे चरईत वाढलो. त्याचे कुटुंब इस्रायलला गेले आणि बारा वर्षांनी तो गेल्या गणपतीत भेटायला आला. दोन तास बसला, जुन्या आठवणी काढल्या, सगळ्यांची आपुलकीने चौकशी केली. परंतु मूर्तीपुढे हात जोडले नाहीत आणि प्रसादाचा मोदकही घेतला नाही. माझे वडील दुखावले. त्यांचे म्हणणे असे की, लहानपणी हाच मुलगा आमच्या घरी जेवत असे. तो यंदाही येणार आहे. मी कसे वागावे?

उत्तर : तुमच्या वडिलांना वाटलेले दुःख मला समजते, कारण प्रसाद नाकारणे म्हणजे घर नाकारणे असे आपल्या मनात पक्के बसलेले आहे. परंतु तुमच्या मित्राच्या बाजूने पाहिले तर त्याने तुमच्या घराचा अव्हेर केलेला नाही. मूर्तिपूजा करू नये ही ज्यू धर्माच्या दहा आज्ञांपैकी एक आहे, आणि मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचे अन्न घेणे कसोशीने धर्म पाळणाऱ्या ज्यू माणसाला वर्ज्य असते. लहानपणी तो जेवत होता तो वरणभात होता; किंवा त्या वयात त्याच्या घरच्यांनी त्याला मुभा दिली असेल. वयाबरोबर माणूस आपला धर्म अधिक नेमाने पाळू लागतो. तुमच्याही घरी तसे झालेले असेल. तुमचे वडील चाळिशीत जितके उपास करीत होते त्याहून आज अधिक करीत असतील.

बेने इस्रायली ही शतकानुशतके कोकणात राहिलेली, घरात मराठी बोलणारी आपलीच माणसे. तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी काम बंद ठेवणारी म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत, आणि गावावरून पडलेली त्यांची ‘कर’ अंताची आडनावे आजही तशीच आहेत. तुमच्या ठाण्यात टेंभी नाक्याजवळ त्यांचे १८७९ सालचे सिनेगॉग आहे. शाआर हाशमायिम, म्हणजे स्वर्गाचे द्वार, असे त्याचे नाव. त्यांच्याकडे शुभकार्यात किंवा नवस फेडताना मलिदा करतात : भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची, भोवती फळे, आणि एलिया संदेष्ट्याचे स्मरण. ते ताट तुमच्या वडिलांनी पाहिले तर त्यांना गोपाळकाल्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. म्हणून मला वाटते की, दोन्ही घरांत अंतर आहे ते एका कृतीपुरतेच.

करायचे ते इतकेच. नैवेद्य दाखवण्यापूर्वी चार मोदक वेगळ्या डब्यात काढून ठेवा आणि ते त्याला देताना साध्या शब्दांत सांगा की हे नैवेद्याच्या आधी काढलेले आहेत. जेवायला थांबणार असेल तर आधी विचारून घ्या. कोळंबी आणि खेकडे त्याला चालत नाहीत आणि मांस व दूध एका जेवणात येत नाहीत, पण गणपतीतल्या आपल्या शाकाहारी स्वयंपाकात तो प्रश्न सहसा उद्भवत नाही. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत त्याचा शब्बाथ असतो, तेव्हा बोलावणे दुसऱ्या दिवसाचे ठेवा. आरतीच्या वेळी तो उभा राहिला तर राहू दे, बाहेर सज्जात गेला तर जाऊ दे. कोणी त्याच्याकडे वळून पाहू नये, एवढे मुलांना आधी सांगून ठेवा. वडिलांना मात्र हे सगळे तो येण्यापूर्वी सांगा. त्याच्यासमोर खुलासा करण्याची वेळ आणू नका, आणि मोदकांचा तो डबा वडिलांच्याच हातून द्या.

प्रश्न : मी ऐरोलीला राहते. माझी नणंद तीन वर्षांपूर्वी विधवा झाली. ती दर वर्षी गौरींच्या चार दिवस आधी येते. मुखवटे उजळते, गौरींना साड्या नेसवते, पुरणपोळ्या लाटते. हळदीकुंकवाच्या वेळी मात्र स्वतःहून आतल्या खोलीत जाऊन बसते. मला ते पाहवत नाही. तिला बाहेर बोलवावे असे वाटते, पण चुलत सासूबाई आणि त्यांच्या बरोबरीच्या दोघी-तिघी नाराज होतील याची धास्ती वाटते.

उत्तर : तुमच्या पत्रातील एका वाक्यातच उत्तर आहे. गौरींना साड्या त्या नेसवतात. निऱ्या त्यांनी घातल्या, पदर त्यांनी काढला, मुखवटा त्यांनी बसवला. देवीच्या अंगाला त्यांचे हात दिवसभर लागले, ते देवीला चालले. मग संध्याकाळी त्याच बोटांनी कुंकू लावून घ्यायला हरकत कोणाची आहे? देवीची तर नाही.

ही प्रथा बदलते आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. एका गावाने जे चारचौघांत ठरवले ते आपल्या दोन खोल्यांत ठरवायला आपल्याला भीती का वाटावी, असे मला नेहमी वाटते.

परंतु घाईने एक गोष्ट करू नका. भरल्या घरात सगळ्यांसमोर त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणू नका. अशाने वीस बायकांच्या नजरा एकदम त्यांच्यावर खिळतात आणि ज्यांच्यासाठी हे केले त्यांनाच ते असह्य होते. त्या चार दिवस आधी येतात ना? मुखवटे उजळताना दोघीच असाल, तेव्हा विचारा. तुम्हाला काय हवे आहे, एवढाच प्रश्न. कदाचित त्या लगेच हो म्हणतील, कदाचित रडतील, कदाचित नको म्हणतील. त्यांचे स्वतःचे दुःख आहे आणि त्याला किती वेळ लागावा हे त्यांनीच ठरवायचे आहे.

त्या हो म्हणाल्या तर चुलत सासूबाईंना तुम्ही स्वतः आधी फोन करा. ‘या वर्षी वन्सं हळदीकुंकू लावणार आहेत, तुम्ही अवश्य या’ असे सांगा, परवानगी मागू नका. घर तुमचे आहे, गौरी तुमच्या घरी आल्या आहेत. ज्यांना पटणार नाही त्या कदाचित येणार नाहीत. बहुतेक जणी येतात, हा माझा अनुभव आहे. त्या संध्याकाळी हळदीकुंकवाची कुयरी वन्संच्याच हाती द्या आणि पहिले कुंकू तुम्ही त्यांच्याकडून लावून घ्या. तुमच्या मागे उभी असलेली बाई मग कपाळ पुढे करते. तिला वेगळा विचार करायला वेळच मिळत नाही. ओटी सगळ्यांची भरत असाल तर त्यांचीही भरा, साडीही इतरांसारखीच घ्या, फिकट रंगाची शोधू नका.

आणि त्या नको म्हणाल्या, तर हळदीकुंकू चालू असताना आतल्या खोलीत त्या एकट्या बसू नयेत. कुयरी सुनेच्या किंवा जावेच्या हाती देऊन त्यांच्याजवळ तुम्ही जाऊन बसा.